जेवण पुढच्या वर्षी

माणिकपूरच्या माझ्या दुकानात लग्नाचं जेवण ठरवायला माणसं येतात, तेव्हा त्यांतली एखादी बाई हमखास विचारते, "रोजीबाय, तुमच्या स्वतःच्या लग्नात काय काय होतं हो?" त्या गिऱ्हाइकाला मी मग एक पापडसुद्धा सवलतीत देत नाही. मंडप, भांडी, जेवण, सगळं मी पुरवते. या पट्ट्यातली किती लग्नं माझ्या पातेल्यांतून जेवून उठली याची गणतीच नाही, आणि घासाघिशीत माझ्यापुढे अजून कुणी टिकलेलं नाही. पण या एका प्रश्नावर माझं डोकं फिरतं. पोरं म्हणतात, आई, एवढी वर्षं झाली, सोड आता. का सोडू? ज्यांनी माझ्या लग्नाच्या दिवशी पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं ते माझे जन्मदाते होते, आणि त्यांनी ते कंजूषपणाने केलं असतं तर मी कधीच माफ केलं असतं. त्यांनी ते तत्त्वाने केलं.

आमचं घर माणिकपूरपासून सायकलने वीस मिनिटांवर, केळीच्या वाडीत. घरात दिवसभर दोन आवाज: आईच्या शिवणयंत्राचा आणि पप्पांच्या मतांचा. पप्पा महामार्गाजवळच्या एका वजनकाट्यावर कामाला होते. आधी रिकामा ट्रक काट्यावर चढायचा, मग भरलेला, आणि मधला फरक तो माल. आयुष्यभर तेच पाहिल्यामुळे वजन केल्याशिवाय त्यांचा जगातल्या कशावर विश्वास बसत नसे. आई नवरीचे पांढरे झगे शिवायची. टाचण्या ओठांत धरून ती पप्पांचं प्रत्येक मत ऐकायची, आणि टाचण्या काढून पहिलं वाक्य बोलायची ते, "मला पटतं." इतर घरांत आईबाप एकमेकांशी भांडायचे. आमच्याकडे ते दोघं एका बाजूला आणि सगळं गाव दुसऱ्या बाजूला. (आमच्या घरची बोली वेगळी. ती इथे तशीच उतरवली तर चार गावांपलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांची बोलणी साध्या मराठीत देते आहे.)

मतं साधीसुधी नव्हती. आजाऱ्याला भेटायला जाऊ नये, असं पप्पांचं म्हणणं. तो बिचारा आधीच पडलेला, त्यात आपल्यासाठी उठून बसतो. बरा झाला की त्याने आपल्याला भेटायला यावं. दारात पाहुणा आला की पप्पा प्रेमाने विचारायचे, "या या, बसा. किती वाजेपर्यंत आहात?" आईचं म्हणणं, तान्ह्या मुलाचं तोंड कुणासारखं आहे हे कधी सांगू नये, कारण सगळी तान्ही मुलं सुरणासारखीच दिसतात. हे तिने एका बाप्तिस्म्याच्या जेवणात, बाळाच्या आजीला, अगदी धीर देण्याच्या सुरात सांगितलं. नाताळात आमच्याकडे घराघरांतून फराळाची ताटं फिरतात. पप्पांनी हिशेब मांडला की सगळ्यांच्या ताटात कुलकुल, नेवऱ्या आणि दोदोलच असतो, म्हणजे गाव नुसतं आपलाच फराळ लांबून फिरवून खातं. त्यांनी दाराला पाटी लावली: 'आमच्याकडे फराळ आहे. तुमच्याकडेही आहे. सुखात राहा.' गावाने चिडून दुप्पट ताटं पाठवली. बाजारातून ख्रिसमसचं झाड आणणंही पप्पांना मान्य नव्हतं. देवदार आपण कुणी पाहिलेला नाही, केळ रोज पाहतो. म्हणून वाडीतल्या एका उभ्या केळीला चांदण्या आणि कागदी साखळ्या बांधल्या गेल्या. नेमका तिचा घड पिकायला आला, तो 'तीन राजांच्या सणापर्यंत', म्हणजे सहा जानेवारीपर्यंत, उतरवायचा नाही असं ठरलं, आणि वाडीतल्या तमाम वटवाघळांनी आमच्याबरोबर नाताळ साजरा केला.

सगळ्यांत भयंकर आईचं मत, उपवासकाळाबद्दलचं. चाळीस दिवस मटण सोडून ताज्या पापलेटावर ताव मारायचा, यात कसलं आलंय प्रायश्चित्त? खरं प्रायश्चित्त करायचं तर चाळीस दिवस शेजाऱ्यांविषयी बोलणं सोडावं. राखेच्या बुधवारपासून आम्ही सोडलं. तेव्हा कळलं की आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. जेवताना नुसता चावण्याचा आवाज. दुसऱ्या आठवड्यात शेजारची नतालीन मावशी फादरना घेऊन आली, की या घरात कुणीतरी आजारी आहे आणि ही माणसं लपवताहेत. नतालीन मावशी गेल्यावर तिच्याविषयी एक अक्षर बोलता येत नव्हतं. तेवढं मोठं प्रायश्चित्त मी पुन्हा केलं नाही.

अशा घरातून माझं लग्न बस्त्यावशी ठरलं. तो दोन आळ्यांपलीकडचा, वाड्यांतले पाण्याचे पंप दुरुस्त करणारा. शांत, लाजाळू, आणि हसू आवरता न येणारा. मला तो आवडला होता, आणि तो मला आवडावा यासाठी मी त्याला बऱ्यापैकी दमात घेतलं होतं. आमच्याकडे लग्न म्हणजे जेवण. ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे, वाफवलेली सांदणं, आणि त्याबरोबर डुकराच्या मटणाचं इंद्याल, चार बोटं तर्री आलेलं. लोक नवरीचा झगा चार दिवसांत विसरतात. इंद्याल नातवंडांना सांगतात. लहानपणापासून मी प्रत्येक लग्नात पंगतीत बसून ठरवत आले होते की माझ्या वेळी फुगे किती मोठे असतील.

आवतण द्यायला पप्पा आणि आई घरोघर निघाले, त्याच दिवशी दुपारी नतालीन मावशी धापा टाकत आमच्या अंगणात आली. मी धुणं वाळत घालत होते.

"रोजी, तुझ्या बापाला ऊन लागलंय का गं?"

"का?"

"मला म्हणतो, लग्न पुढच्या रविवारी. जेवण पुढच्या वर्षी, पोरगी सुखी असली तर!"

हातातली चादर मातीत पडली. पप्पा परतले तेव्हा मी ओसरीवर वाटच पाहत होते. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण रस्त्यावरून जाणारा पाववाला थांबून सगळं ऐकून गेला, एवढं आठवतं.

पप्पांनी चप्पल काढून नीट जोडून ठेवली. "रोजी, काट्यावर ट्रक आला की मी आधी पावती फाडतो की आधी वजन करतो?"

"मी ट्रक नाही, पप्पा!"

"लग्न हा ट्रकच आहे. रविवारी तो रिकामा चढणार. वर्षाने बघू, किती भरलाय. लोक ज्या गोष्टीचा आनंद साजरा करायला जेवतात, ती गोष्ट झालेली तरी असायला हवी ना?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. तिने ओसरीवरच्या खुर्चीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मी एवढे झगे शिवले. सहा महिन्यांनी त्यातल्या निम्म्या माझ्याकडे येऊन या खुर्चीवर बसून रडतात. आणि जेवण तर सगळ्यांच्याच लग्नात झालेलं असतं. मला पटतं."

शेवटची आशा सासऱ्यांवर होती. नवऱ्याकडचं जेवण तरी होईल, आपल्या मानासाठी ते हे चालू देणार नाहीत. सासरे म्हणजे काडेपेटीतली काडी उभी चिरून दोनदा वापरणारा माणूस. त्यांनी पप्पांना मिठीच मारली. "व्याहीबुवा, एवढ्या वर्षांत तुमचं पहिलं मत मला पटलं!" मी फादरकडेही जाऊन आले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मुली, संस्कार रविवारी पूर्ण होणार. इंद्याल हा संस्कार नाही." त्यांना हे सांगताना फार जड गेलं हे मी पाहिलं. इंद्याल त्यांनाही आवडायचं.

तर लग्न लागलं. मिस्सा संपल्यावर चर्चच्या बाजूच्या अंगणात प्रत्येकाला एक कप चहा, एक बटर आणि पप्पांनी छापून घेतलेलं एक पिवळं कार्ड मिळालं: 'भोजन पुढील वर्षी. निकाल याच तारखेस. वधूवरांच्या समाधानाच्या अधीन. कार्ड सोबत आणावे.' बॅन्डवाले ते कार्ड उलटसुलट करून पाहत उभे होते. दात नसलेला इंतान काका, आमच्या आळीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, काठी टेकत माझ्याजवळ आला आणि त्याने माझा हात हातात घेतला. "बाय, लवकर सुखी हो गं. मला वर्षभर थांबायला सांगितलंय."

आम्ही सासऱ्यांच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीशेजारी दोन खोल्यांत राहायला लागलो. पहिलं खरं भांडण तिसऱ्या आठवड्यात झालं. बस्त्यावने घरातली एकुलती एक नवी बादली मित्राला देऊन टाकली होती. मी माझ्या नेहमीच्या आवाजात त्याला त्याची जागा दाखवली. माझा नेहमीचा आवाज दोन आळ्या ओलांडतो. दहा मिनिटांत दारात पाच बायका. सगळ्यांत पुढे नतालीन मावशी, हातात तळलेल्या मांदेलीची ताटली.

"बाय, आवाज खाली घे. वर्षातले तीन आठवडे तर निघाले. आता उरलेलं कशाला नासवतेस?"

"याने बादली दिली!"

"बादलीचं काय घेऊन बसलीस? ही घे माझी." आणि खरंच संध्याकाळच्या आत तिची बादली आली. पितळेची.

दुसरं भांडण छपरावरून. कौलं फुटली होती, पावसाळा तोंडावर आला होता, आणि हा माणूस दुनियेचे पंप दुरुस्त करत फिरत होता. मी अंगणात उभी राहून छपराशी आणि त्याच्याशी आळीपाळीने बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माणसं शिडी घेऊन हजर. कौलं त्यांचीच, मजुरी नाही, चहासुद्धा नको म्हणाले. फक्त उतरताना एकजण म्हणाला, "आता बरं वाटतंय ना, वहिनी? काही कमी असेल तर सांगा. आमच्या घरची पाच कार्डं आहेत."

त्या वाक्यावर मी दारातच थांबले. माणसं म्हणतात, धंद्याची अक्कल शिकून येते. माझी त्या दारात आली. समोरच्या माणसाला काय हवंय हे कळलं की भाव आपण सांगायचा. सगळ्या गावाला माझं सुख हवं होतं, आणि ते फक्त माझ्याकडे होतं.

बस्त्यावला मी हे समजावलं तेव्हा तो आधी घाबरला. मग आम्ही सकाळी चहा पिताना ठरवू लागलो, आज कशावर भांडायचं. विहीर उपसायची आहे? मग पाण्यावरून. अंडी हवीत? मग 'माहेरी माझ्याकडे कोंबडी होती' यावरून. माझ्याकडे कोंबडी कधीच नव्हती, पण दोन आल्या. कपडे वाळत घालायची तार आली, पाटा आला, एक कढई आली. अडचण एकच, बस्त्यावला अभिनय जमत नसे. मी ओरडायला लागले की त्याला हसू फुटायचं. म्हणून मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. तो तोंडावर हात दाबून हसायचा, खांदे गदगदा हलायचे, आणि कुंपणापलीकडून बायका म्हणायच्या, "बिचारा बघ कसा रडतोय. देवमाणूस." लोक गेल्यावर आम्ही दार लावून घ्यायचो आणि पोट धरून जमिनीवर बसायचो. आजही सांगते, ज्यांचं पटत नाही त्यांनी एकत्र बसून एखादं खोटं भांडण रचून बघावं. खरं भांडायला वेळच उरत नाही.

एकच गोष्ट मला तेव्हाही टोचली. श्रावणाच्या सुमारास एका मोठ्या भांडणानंतर इंतान काका त्याच्या नातवाकडून एक लाकडी झोपाळा उचलवून घेऊन आला. त्याच्या ओसरीवरचा झोपाळा, ज्यावर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत असायचा. "माझी म्हातारी आणि मी यावर बसायचो. झोके घेताना भांडता येत नाही, पाय एकत्र लावावे लागतात," तो म्हणाला. मी नको म्हणाले. भांडणं सुरू केल्यापासून पहिल्यांदाच नको म्हणाले. "ठेव गं," म्हणाला, "जेवणानंतर देशील परत." त्यानंतर मी त्याला त्याच्या ओसरीच्या पायरीवर बसलेला पाहायची आणि वाट बदलून जायची. पण भांडणं थांबवली नाहीत. अजून वरवंटा यायचा होता.

बघता बघता नाताळ झाला आणि लग्नाच्या वाढदिवसाचा दिवस उजाडला. पप्पांनी निकाल माझ्या माहेरच्या अंगणात लावायचं जाहीर केलं होतं. मिस्सेनंतर सगळं गाव तिथे. प्रत्येकाच्या हातात पिवळं कार्ड, काहींची चुरगळलेली, काहींची चक्क इस्त्री केलेली. पप्पा खुर्चीवर, शेजारी आई. मी नवा झगा घातला होता आणि मनात खात्री होती की आज शेवटी माझ्या लग्नाचं जेवण ठरणार. मग पप्पांचा चेहरा पाहिला, आणि माझ्या लक्षात आलं की वर्षभर गावाला जे ऐकू येत होतं ते पप्पांनाही ऐकू येत होतं.

"रोजी, तू सुखी आहेस?"

"आहे."

अंगणात आनंदाचा आवाज उठला. तेवढ्यात सासरे उभे राहिले. "साफ खोटं! मी शेजारी राहतो. एक आठवडा कोरडा गेला नाही. पोरगी दुःखी आहे, माझा मुलगा त्याहून दुःखी आहे, आणि मी याचा साक्षीदार आहे. जेवणाचा प्रश्नच येत नाही!" स्वतःच्या मुलाचा संसार मोडल्याचा पुरावा इतक्या उत्साहाने देणारा बाप मी पुन्हा पाहिला नाही.

पप्पांनी हात वर केला. "बुधवारी 'या माणसापेक्षा पंपाशी लग्न केलं असतं तर पाणी तरी मिळालं असतं' असं कोण म्हणालं?"

"मी."

"मग?"

आता सगळं माझ्यावर आलं. भांडणं खरी म्हणावीत तर जेवण गेलं, आणि जन्मभर गाव म्हणणार, रोजीचं लग्न काट्यावर नापास झालं. भांडणं खोटी म्हणावीत तर कौलं, कोंबड्या, पाटा, कढई, बादली सगळ्यांसमोर उघडी पडणार. आणि झोपाळा. मला एकच रस्ता माहीत होता.

"पप्पा, अर्धी सुखी धरा."

"काट्यावर अर्धं नसतं."

"बरं, पाऊण. फुगे आणि सांदणं द्या, इंद्याल राहू दे."

"इंद्याल राहू दे?" मागून तीन-चार जण किंचाळले.

"सुखाची घासाघीस करतेस?" पप्पा म्हणाले. "सुखी माणूस आकडा खाली आणत नाही, रोजी."

तेवढ्यात माझ्या मागे काहीतरी हललं. बस्त्याव कुंपणाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. 'इंद्याल राहू दे' ऐकल्यापासून तो सुटला होता.

"बघा, बिचारा रडतोय!" नतालीन मावशी डोळ्याला पदर लावत म्हणाली. "अहो, त्याच्याकडे बघून तरी द्या जेवण."

इंतान काका उठला. काठी टेकत गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "रडू नको, बाळा," आणि त्याला फिरवलं. बस्त्यावचा चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, आणि तोंड कानापर्यंत फाकलेलं. तो हसत होता. सगळ्या गावाकडे बघत हसत होता आणि त्याला थांबता येत नव्हतं. इंतान काका त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

मी सांगून टाकलं. कुठलं भांडण कशासाठी, कोण कोणता आवाज काढायचं, सगळं. आधी कुणाला कळेना. मग कळलं. "माझ्या कोंबड्या!" "आणि मी सकाळपासून छपरावर!" "माझी बादली, रोजी? आईच्या लग्नातली पितळेची बादली?" नतालीन मावशीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला. इंतान काका परत जाऊन बाकावर बसला आणि त्याने हातातलं कार्ड नीट सरळ केलं. बाकी सगळ्यांशी मी भांडले असते. त्याच्याशी काय भांडणार?

पप्पा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता मला घराबाहेर काढणार. पण ते आईकडे वळून म्हणाले, "वर्षभर दोघांनी मिळून अख्खं गाव फसवलं. एकानेही दुसऱ्याला उघडं पाडलं नाही. हसू फुटलं तेवढंच."

"ट्रक भरलाय," आई म्हणाली.

"भरलाय," पप्पा म्हणाले. "जेवण होणार. रविवारी." सासरे खाली बसले, जवळजवळ पडलेच. मी पुढे झाले, तोच आई म्हणाली, "पण हे पंगतीत बसणार नाहीत. ज्यांनी गावाकडून घेतलं त्यांनी गावाला रांधून वाढावं. दोघांनीच. आपल्या हाताने."

"मला पटतं," पप्पा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा गावालाही पटलं.

त्याआधी मी चार माणसांपलीकडे कुणाचं रांधलं नव्हतं. आचाऱ्याला विचारायला मी गेले नाही. मला कुणाचे उपकार नको होते. शनिवारी सकाळी मी आणि बस्त्यावने इंतान काकाचा झोपाळा नेऊन त्याच्या ओसरीवर टांगला, मग चुली मांडल्या. मसाला मी वाटला. मटण त्याने कापलं, पंप उघडावा तसं, प्रत्येक तुकडा वेगळा ओळीत मांडून. फुग्यांचं पीठ इतकं फुगलं की पातेल्यावरची परात उचलली जाऊन खाली पडली. मी ओरडले, तो हसला, आणि कुंपणापलीकडून या वेळी कुणी मांदेली घेऊन आलं नाही.

रविवारी पंगती बसल्या. नवरी म्हणून मी कुठे नव्हते. डोक्याला फडकं, हातात पळी, डोळ्यांत धूर. आणि गावाने सूड घेतला. प्रत्येक जण तीनदा वाढून घ्यायचा आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायचा. "व्हिनेगर ओतलंय की काय?" "फुगे आहेत की चेंडू? वाढ अजून चार." "सांदणं बरी, पण इंद्याल? छे! आमच्या बाजूला दे जरा." नतालीन मावशी तर शेवटचा थेंब बोटाने पुसून घेत म्हणाली, "असलं वाईट इंद्याल मी जन्मात खाल्लं नाही." अख्ख्या अंगणाचं एकमत झालं होतं. आणि आज धंद्यातली बाई म्हणून खरं सांगते, इंद्याल आंबट झालंच होतं. ते दोन दिवस मुरायला हवं, मी एका दिवसात चुलीवरून काढलं.

शेवटच्या पंगतीत पप्पा आणि आई बसले. पातेलं खरवडून मी एका वाडग्यात माझ्यासाठी चार तुकडे बाजूला काढले होते; काही झालं तरी माझ्या लग्नाचं इंद्याल मी खाणारच होते. पप्पांनी पहिला घास घेतला. सगळे हात धुऊन बघत उभे होते. त्यांनी नीट चावला, गिळला, आणि वजन सांगावं त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तम झालंय."

अंगणात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आलं यांचं मत!"

"मला पटतं," आई म्हणाली.

"एवढं आवडलं तर घ्या की अजून!" सासरे म्हणाले, टोमण्याने.

"घेणारच आहे," पप्पा म्हणाले, आणि ताट माझ्यापुढे धरलं. पातेलं रिकामं होतं. सगळं गाव पाहत होतं. मी वाडगा उचलला आणि चारही तुकडे त्यांच्या ताटात घातले. त्यांनी ते खाल्ले, एकेक करून, हाडं बाजूला ठेवत, घाई न करता. आईने तर्री फुग्याने पुसून घेतली. मी उभीच होते.

तर माझ्या लग्नाचं जेवण मी जेवले नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी कुणासाठी मागे घेणार नाही. पप्पा कधी खोटं बोलत नसत. आंबट वाटलं असतं तर आंबट म्हणाले असते. पण ते इंद्याल आंबट होतं. 'उत्तम' हे त्यांचं खरंच मत होतं की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.